मदत हवी आहे: स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर हिरवी चमकायच्या ऐवजी तांबडी दिसते

कडकभाकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला अंधारात चमकणारा फॉस्फर घेतलाय: युरोपियम आणि डिस्प्रोशियम घातलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. छताला चिकटवायच्या 'रेडियमच्या' चांदण्या मिळतात ना, हल्ली त्यांच्यात जे असतं ते. (त्यात रेडियम नसतं हे घरी सांगून दमलो.)

नेहमीच्या पद्धतीत ही पावडर हायड्रोजनमध्ये भाजतात, पण त्याचा सिलिंडर डिपार्टमेंटला नाही आणि मॅडम आणू देणारही नाहीत, म्हणून कम्बशनची (मिश्रण पेटवून पावडर करायची) पद्धत धरली. ०.०१ मोलचा हिशोब असा: स्ट्रॉन्शियम नायट्रेट २.०५ ग्रॅम, ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट ७.५० ग्रॅम, युरिया ४ ग्रॅम, वर थोडं बोरिक ॲसिड. युरोपियम १ टक्का आणि डिस्प्रोशियम २ टक्के, दोन्ही स्ट्रॉन्शियमच्या जागी. त्यांची ऑक्साइडं नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून घातली. सगळं थोड्या पाण्यात एकजीव करून पसरट बशीतून ६०० अंशांवर तापलेल्या मफल फर्नेसमध्ये (विजेच्या बंद भट्टीत). उकळतं, तपकिरी धूर येतो, मग भप्पकन पेट घेतं आणि पांढराशुभ्र हलका फेस उरतो. इथवर पेपरात लिहिल्याप्रमाणेच होतं.

पुढे घोडं अडलंय. केमिस्ट्रीवाल्यांच्या यूव्ही पेटीत २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पावडर छान तांबडी-केशरी दिसते. ३६५ लावलं की जवळजवळ काहीच नाही, फेसाच्या पार आतल्या ढेकळांत तेवढी हिरवट झाक. दिवा बंद केला की संपलं, एक सेकंदही उजेड राहत नाही. फेस परत ९०० अंशांवर दोन तास भाजला तर ती हिरवट झाकही गेली.

युरोपियम खराब आलंय का? हायड्रोजनशिवाय हे जमण्यासारखं आहे का? आणि स्पेक्ट्रम काढायला आमच्याकडे यंत्र नाही, ते जवळपास कुठे होईल?

जाता जाता अजून एक. मामांचा टॉवेलचा धंदा आहे. "तुझी पावडर झाली की टॉवेलवर छापून बघू" असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलंय. ते कितपत शक्य आहे?

नळदुर्ग_नाका

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण भप्पकन पेट घेतं तिथे तुमच्याच डिपार्टमेंटला ॲडमिशन घ्यावीशी वाटली. वाचतोय.

मफलभट्टी

कडकभाकरी, युरोपियम उत्तम आहे. ते तीनच्या अवस्थेत (तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं) राहिलंय, तुम्हाला दोनची हवी, एवढाच घोळ आहे. बाजारात मिळणारं युरोपियम ऑक्साइड तीनचंच असतं, ते खाली उतरवावं लागतं.

तुमच्या दोन दिव्यांनीच निदान केलंय बघा. तीनच्या युरोपियममध्ये प्रकाश देणारे ४एफ इलेक्ट्रॉन आतल्या कप्प्यात झाकलेले असतात, बाहेरच्या स्फटिकाचा त्यांना फारसा पत्ता लागत नाही. म्हणून कुठल्याही पदार्थात घाला, ५९० आणि ६१५ नॅनोमीटरच्या आसपास बारीक रेघा आणि रंग तांबडा-केशरी. जुन्या डबा टीव्हीतला लाल रंग हाच. ऑक्साइडांमध्ये हे युरोपियम २५० च्या आसपासचं यूव्ही जोरात शोषतं, म्हणून २५४ खाली पेटतं आणि ३६५ ला गप्प बसतं.

दोनच्या अवस्थेत मात्र इलेक्ट्रॉन ५डी या बाहेरच्या कप्प्यात चढतो आणि ५डी उघड्यावर असते. शेजारी कोण बसलंय त्यावर रंग ठरतो. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटमध्ये ५२० चा रुंद हिरवा पट्टा, तर ट्यूबलाइटमध्ये वापरतात त्या बेरियम मॅग्नेशियम ॲल्युमिनेटमध्ये तेच युरोपियम ४५० ला निळं. हे ३६५ ला मस्त पेटतं, अगदी निळ्या उजेडानेही. उजेड साठवून ठेवायचं कामही याच जोडीचं: डिस्प्रोशियममुळे स्फटिकात सापळे तयार होतात, चार्ज तिथे अडकतो आणि खोलीच्या उबेने हळूहळू सुटतो. युरोपियम तीनचंच असेल तर सापळे असून काय उपयोग.

ढेकळांच्या आत हिरवट दिसतं कारण पेटताना आत युरियाचे वायू कोंडले आणि तिथे थोडं रिडक्शन झालं, म्हणजे युरोपियम तीनवरून दोनवर उतरलं. पुढे तुम्ही फेस उघड्या हवेत ९०० ला भाजलात, तेव्हा तेही परत ऑक्सिडाइझ झालं.

युरियाचा हिशोब तुमचा बरोबर आहे, नायट्रेटांची जाळायची ताकद आणि युरियाची जळायची ताकद सारखी यायला हवी: स्ट्रॉन्शियम नायट्रेटचे १०, ॲल्युमिनियम नायट्रेटचे १५ दुणे ३०, एकूण ४०, भागिले युरियाचे ६. म्हणजे ६.६७ मोल, तुमच्या मापाला ४ ग्रॅम. हा जमाखर्च ज्यांनी रूढ केला ते बेंगळुरूच्या आयआयएस्सीतले प्रा. के. सी. पाटील, १९८८ चा ॲल्युमिनावरचा पेपर काढून वाचाच. पण ४ ग्रॅम म्हणजे बरोबर पुरेल इतकंच. रिडक्शनसाठी दीडपट घाला, ६ ग्रॅम. दुपटीच्या पुढे जाऊ नका, आच मंदावते आणि काळपट राख हाती येते. पसरट बशी नको, उंच क्रूसिबल घ्या, म्हणजे वायू थोडा वेळ आत राहतात.

कडकभाकरी (धागाकर्ता)

सर, फार आभारी आहे. मॅडमना दाखवलं, त्याही म्हणाल्या अवस्थेचाच प्रश्न वाटतो. ६ ग्रॅमने करून पाहिलं. आता ३६५ खाली बऱ्यापैकी हिरवं दिसतं! पण २५४ ला तांबडं आहेच, आणि दिवा बंद केल्यावर जेमतेम काही सेकंद टिकतं. यूट्यूबवर लोक रात्रभर चमकवतात.

मफलभट्टी

आता कोळसा. लहान ॲल्युमिना क्रूसिबलमध्ये पावडर, ते मोठ्या क्रूसिबलमध्ये ठेवायचं, मधल्या जागेत नारळाच्या करवंटीचा कोळसा किंवा ॲक्टिवेटेड चारकोल, वर झाकण. कोळसा पावडरीला लागता कामा नये. लागला तर ती राखाडी होते, आणि ते काजळ जाळायला हवेत तापवलंत की युरोपियम परत तीनचं. ७०० अंशांच्या पुढे कोळसा आणि आतली हवा मिळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, रिडक्शन तोच करतो. तुमची फर्नेस कितीपर्यंत जाते?

कडकभाकरी (धागाकर्ता)

पाटीवर १००० लिहिलंय. ९५० च्या वर कोणी नेलेली नाही, लॅब असिस्टंट काका नेऊ देत नाहीत.

मफलभट्टी

काकांचं ऐका, कॉइल गेली तर प्रोजेक्ट तिथेच संपेल. नुसत्या कार्बोनेटपासून सुरुवात केली असती तर १३०० च्या आसपास लागलं असतं, पण तुमचं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट ज्वलनातच तयार झालंय, आता फक्त युरोपियम उतरवायचंय आणि कण थोडे वाढवायचेत. ९५० ला तीन तास ठेवा. बोरिक ॲसिड फ्लक्सचं, म्हणजे कमी तापमानाला कण जुळवायचं, काम करेल. १३०० च्या मालाची सर येणार नाही, पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरे. बंद केल्यावर फर्नेस पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका. आणि मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा एक्झॉस्ट चालू, खिडक्या उघड्या, आणि खोलीत एकट्याने बसायचं नाही. यात हयगय नको.

झालं की नाही हे दिव्याशिवायही कळतं. दिवसाउजेडी पांढरीशुभ्र दिसली तर काम झालेलं नाही. फिकट पिवळसर-हिरवी झाक आली तर झालं.

बार्शीचे_मास्तर

निवृत्त शिक्षक आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. कोळशाची ही युक्ती चारशे वर्षं जुनी आहे. १६०३ च्या सुमारास इटलीत बोलोन्याला विन्चेन्त्सो कास्चारोलो नावाच्या चांभाराने, किमयेचा नाद होता त्याला, सोनं काढण्याच्या आशेने तिथला एक जड दगड कोळशाबरोबर भाजला. सोनं निघालं नाही, पण उन्हात ठेवलेला तो दगड अंधारात चमकायला लागला. दगड होता बराइट, म्हणजे बेरियम सल्फेट. कोळशाने त्याचं सल्फाइड केलं होतं. पुढे बरीच वर्षं घड्याळांच्या काट्यांवर आणि खेळण्यांवर तांबं घातलेलं झिंक सल्फाइड चाललं, पण त्याचा उजेड लवकर मंदावे. तुमचं ॲल्युमिनेट जपान्यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलं. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे घाला. आमच्या वेळी प्रस्तावनेलाच निम्मे मार्क मिळत.

उजेड किती वेळ टिकतो हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. डोळा अंधाराला सरावत जातो, उजेड कमी होतो तशी दृष्टी तीक्ष्ण होते, आणि सगळाच हिशोब चुकतो. काळ्या डब्यात फोटोडायोड बसवा, मागे चांगला ॲम्प्लिफायर लावा आणि वेळेप्रमाणे व्होल्टेज टिपा. हा क्षय साध्या घातांकी सूत्रात बसणार नाही. उजेड साधारण वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटतो, तेव्हा दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन आलेख काढा.

मफलभट्टी

मास्तरांच्या म्हणण्यात एक भर: प्रत्येक वेळी खोलीचं तापमान लिहून ठेवा. सापळे उबेनेच रिकामे होतात. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी सुरुवातीला उजेड जास्त दिसेल आणि लवकर संपेल, जानेवारीत उलट. एक नमुना गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत मोजला आणि दुसरा एप्रिलमध्ये, तर ती तुलना कामाची नाही.

प्रोसेसवाला_अक्कलकोट_रोड

मामांसाठी मी लिहितो. आमचं टॉवेल प्रोसेसिंगचंच काम आहे, अंधारात चमकणारी प्रिंट आम्ही लहान ऑर्डरवर केलेली आहे.

पहिलं, तुझी पावडर थेट टॉवेलवर लावू नको. पाण्यात ती टिकत नाही, हळूहळू हायड्रॉक्साइड होऊन चमक मरते, आणि आपली पेस्ट तर पाण्याचीच. वर सिलिका किंवा ॲल्युमिनाचं कोटिंग असलेली पावडर विकत मिळते, तीच घ्यावी लागते. तुझी प्रोजेक्टची पावडर धुवायची वेळ आलीच तर पाण्याने नको, अल्कोहोलने.

दुसरं, कण. चमक मोठ्या कणांत असते. खलात घोटून मैदा केलास तर अर्धी चमक तिथेच गेली. पण मोठे कण बारीक मेशच्या स्क्रीनमधून उतरत नाहीत, जाळी तुंबते. जाड मेश घे, बाइंडर पारदर्शक घे, खाली आधी पांढऱ्याचा एक हात मार, म्हणजे कापड उजेड गिळत नाही. टॉवेलच्या लुपांवर प्रिंट बसतही नाही, ती किनारीच्या सपाट पट्टीवरच करायची. चादरीवर जास्त बरी येते.

तिसरं मामांना नक्की सांग. यूव्ही टॉर्च मारली की पांढरा टॉवेल निळा पेटतो, तो आपल्या पावडरीचा चमत्कार नाही. ब्लीचनंतर व्हाइटनर चढवलेला असतो, तो यूव्ही खाऊन निळा उजेड देतो आणि टॉर्च बंद की संपला. आमच्याकडे एक गिऱ्हाईक ते बघून "हेच छापा" म्हणून बसलं होतं. तुझी चाचणी ग्रे, म्हणजे मागावरून निघालेल्या कोऱ्या कापडावर कर, व्हाइटनर न लावलेल्या.

नळदुर्ग_नाका

म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये निळ्या लाइटीखाली सगळ्यांचे शर्ट पेटतात ते हेच होय. एवढी वर्षं मला वाटायचं साबण भारी आहे.

प्रोसेसवाला_अक्कलकोट_रोड

साबणातही तेच घालतात की ओ.

कडकभाकरी (धागाकर्ता)

कोळशाचा प्रयोग झाला. करवंटीचा कोळसा हुरड्याच्या शेगडीतून उरलेला मिळाला, ९५० ला तीन तास दिला. झाकण उघडलं तेव्हा पावडर फिकट पिवळसर होती, आणि ३६५ दाखवून बंद केल्यावर काही मिनिटं स्पष्ट दिसत राहते. २५४ ला तांबडेपणा अगदी थोडा उरलाय. मामांना ग्रे कापडाचं सांगितलं, ते थोडे नाराज आहेत.

आता स्पेक्ट्रमचं तेवढं सांगा.

मफलभट्टी

छान. उरलेला तांबडेपणा लपवू नका, रिपोर्टमध्ये ठेवा. दोन्ही अवस्था एकाच नमुन्यात दिसणं हाच तुमचा खरा निकाल आहे. ४ ग्रॅम युरिया, ६ ग्रॅम आणि कोळसा असे तीन नमुने एकाच सेटिंगवर मोजले तर ५२० चा पट्टा वाढताना आणि ६१५ ची रेघ खाली जाताना दिसेल. मॅडमना दुसरं काही लागणार नाही.

जवळचं म्हणजे कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठातलं सैफ केंद्र (बाहेरच्यांचेही नमुने मोजून देणारी यंत्रशाळा). नाहीतर आयआयटी मुंबईचं सैफ. कुठल्या संस्थेत कोणतं यंत्र आहे ते आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं, तिथूनच बुकिंग होतं. विद्यार्थ्यांचे दर वेगळे असतात, गाइडचं पत्र जोडा. एक्सआरडीही (एक्स-रेने स्फटिकाची रचना तपासणं) तिथेच करून घ्या आणि जेसीपीडीएस ३४-०३७९ या संदर्भ कार्डाशी जुळवा, म्हणजे मोनोक्लिनिक स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आहे की मध्ये दुसरं ॲल्युमिनेट घुसलंय ते कळेल. एक ग्रॅमभर पावडर कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत पाठवा, सोबत सिलिका जेलची पुडी.

नमुना देताना एक्सायटेशन (नमुना पेटवायच्या उजेडाची तरंगलांबी) काय ठेवायचं हे ऑपरेटरवर सोडू नका, फॉर्मवर लिहा. आपली पोरं बऱ्याचदा २५४ किंवा २६० लिहितात. यंत्रात रंग वेगळे करणाऱ्या ग्रेटिंगमधून दुपटीच्या तरंगलांबीला तोच प्रकाश परत डोकावतो, २६० चा दुसरा ऑर्डर बरोबर ५२० ला येतो, आणि पोरं ती अणकुचीदार रेघ युरोपियमची हिरवी म्हणून छापतात. खरा पट्टा रुंद असतो. हिरव्यासाठी ३६५ घ्या, त्याची दुप्पट ७३० ला जाते, आपल्या पट्ट्याच्या बाहेर. तांबड्यासाठी २५४ घ्यायचंच असेल तर मध्ये २५४ चा उजेड अडवणारा कटऑफ फिल्टर लावायला सांगा.

कडकभाकरी (धागाकर्ता)

बरं झालं सांगितलंत, फॉर्मवर २६०च लिहून ठेवलं होतं मॅडमनी. ३६५ करून घेतो आणि फिल्टरचं फोनवर आधीच विचारून ठेवतो. कोल्हापूरची तारीख मिळाली की तिन्ही नमुने घेऊन स्वतःच जातो, कुरिअरवर भरवसा नाही. आलेख इथेच टाकतो.