सिझेरियनमध्ये स्पायनलनंतर (पाठीतून दिलेल्या भुलीनंतर) बीपी पडतो: फिनाइलेफ्रिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) आधीपासून की बीपी पडल्यावर?

कनिष्ठ_निवासी
स्पायनलमध्ये ०.५% हेवी ब्युपिव्हाकेन (बधिर करणारं औषध) २ मिली आणि फेंटानिल (वेदनाशामक) १५ मायक्रोग्रॅम. ब्लॉक (बधिरपणा) टी४ला, म्हणजे छातीच्या पातळीला, पोचेपर्यंत सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) १२० वरून ८५ वर येतो, मळमळ सुरू होते. स्पायनलच्या आधी लिटरभर सलाईन देऊनही फरक पडत नाही. फिनाइलेफ्रिन बीपी पडल्यावर बोलसने (एकदम एक मात्रा) द्यायचं की सुरुवातीपासून पंपावर? नाडी ५० वर उतरली तर? आणि बाळ बाहेर आल्यावर बीपी पुन्हा का कोसळतो?

भूलघर
आधी दिलेलं सलाईन रक्तवाहिन्यांत टिकत नाही, स्पायनल चढेपर्यंत बरंचसं बाहेर झिरपतं. ते स्पायनल देतानाच दाबाने सोडा. पण मूळ बिघाड धमन्या सैल पडण्याचा आहे, त्यामुळे नुसत्या सलाईनने भागत नाही.

पंप सुरुवातीपासूनच लावा. १० मिग्रॅचं अँप्यूल १०० मिली सलाईनमध्ये घातलं की मिलीला १०० मायक्रोग्रॅम होतं. स्पायनलचं इंजेक्शन संपताच ताशी १५ ते ३० मिली, म्हणजे मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम. बाळ बाहेर येईपर्यंत बीपी दर मिनिटाला. २०१८च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सिस्टॉलिक मूळ आकड्याच्या ९०% राखायचा, ८०%खाली जाऊ द्यायचा नाही. टेबल डावीकडे कललेलं हवं, नाहीतर गर्भाशय मोठी शीर दाबून धरतं आणि औषध वाया जातं.

पातळ करताना होणारी चूक सर्वांत घातक. अँप्यूलमधलं थेट सिरिंजमध्ये गेलं तर मात्रा शंभरपट होते. बाटलीवर आणि सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय हात लावू नका.

सिरिंजपंप
नाडीचं उत्तर बीपी बघून ठरतं. बीपी चढलेला आणि नाडी ५०: ही फिनाइलेफ्रिनची प्रतिक्षिप्त क्रिया, पंप थांबवा. इथे घाईने ॲट्रोपीन (नाडी वाढवणारं औषध) दिलं तर बीपी भडकतो. दोन्ही खाली: फिनाइलेफ्रिन वाढवू नका. एफेड्रिन (नाडी आणि बीपी दोन्ही वाढवणारं) ५ ते १० मिग्रॅ किंवा ॲट्रोपीन ०.६ मिग्रॅ द्या आणि लगेच तिला हात घट्ट आवळायला सांगा. पकड ढिली, आवाज क्षीण असेल तर ब्लॉक वर चढतोय, श्वासाची तयारी ठेवा.

एफेड्रिन पहिली निवड मात्र नको. ते वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या रक्तातली आम्लता वाढवतं.

प्रसूतीकक्ष
बाळ आल्यानंतरची घसरण बहुतेकदा ऑक्सिटोसिनची (गर्भाशय आवळण्यासाठी देतात ते औषध). १० युनिट शिरेतून झटकन दिले की धमन्या एकदम सैल पडतात. ठरलेल्या सिझेरियनला १ युनिटचा बोलस आणि मग संथ इन्फ्युजन पुरतं. कळा लागून गेलेल्या बाईला ३ युनिट, किमान ३० सेकंदांत.

मात्र ऑक्सिटोसिनवर खापर फोडण्याआधी सक्शनची बाटली, मॉप (रक्त टिपायची कापडं) आणि योनीमार्गातला स्राव स्वतः बघा. फिनाइलेफ्रिन चालू असताना रक्तस्राव झाकला जातो: बीपीचा आकडा ११० दिसतो आणि गर्भाशय मऊच असतं. पंपाचा वेग सतत वाढवावा लागतोय, नाडीही चढतेय, तर रक्त मागवा.