मदत हवी आहे: धातूंची जादू नवख्यांना कशी सांगू? रविवारच्या आत उत्तर हवे

मयेतळे
येत्या रविवारी वाचनालयात मालिकेची ओळख करून द्यायची आहे आणि मी जादूपाशीच अडले आहे. मोठा तक्ता केलाय, डावीकडे धातू, उजवीकडे त्याची शक्ती. काल धाकट्या भावाला आणि त्याच्या मित्रांना दाखवला, तर तिसऱ्या धातूला सगळ्यांचे मोबाइल बाहेर. तक्ता गाळला तर पुढचे मारामारीचे प्रसंग कळत नाहीत, ठेवला तर कोणी ऐकत नाही. जादू आधी सांगू की गोष्ट आधी? ‘चांगले पुस्तक आपोआप वाचले जाते’ असे कृपया लिहू नका. आमच्या गावात तसे होत नाही.

जुवारी
कोणती मालिका? धातू म्हटल्यावर एक सुचतेय, पण नाव लिहा ना.

फोंडेकर_भाई
मालिका कोणतीही असो, गोष्ट आधी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गँडाल्फ या जादूगाराला काय काय येते याची यादी टोल्कीनने कुठे दिली आहे? तरी माणसे त्याच्यावर विश्वास ठेवतात, कारण त्याच्यासोबत चालणारी माणसे खरी वाटतात. माझे ऐकाल तर टोल्कीनच्याच ‘हॉबिट’पासून सुरुवात करा. नवख्यांसाठी त्याहून चांगले काही नाही.

मयेतळे
ब्रँडन सँडरसनची मिस्टबॉर्न, दुसरी कोणती असणार! पहिली तीन पुस्तके. भाई, मालिका ठरली आहे, फळ्यावर लिहूनही झाली आहे. आता बदलता येणार नाही.

जुवारी
ठीक. आता बाकीचे सांगा. येणारे कोण, वय काय, इंग्रजी कादंबरी स्वतः वाचतील का, वेळ किती, प्रोजेक्टर आहे का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वाचनवेडी_म्हापसा
पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची संस्था. सभासद झालात की पुस्तके घरी नेता येतात. मुलांना तिकडे एकदा नक्की न्या, इमारत बघूनच वाचावेसे वाटते.

खाणपट्टा
या मालिकेवर माझा फार जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

धातूंपासून सुरुवात करूच नका. राखेपासून करा. त्या जगात आकाशातून राख पडते, झाडे तपकिरी असतात, रात्री धुके उतरते आणि सामान्य माणूस दार लावून बसतो. हजार वर्षे एकाच सम्राटाचे राज्य. चोरांच्या टोळीचा म्होरक्या केल्सियर, त्याच्या बायकोने एका फुलाचे चित्र जपून ठेवलेले असते, कारण फूल कोणी पाहिलेलेच नाही. आमच्या साखळी-डिचोली भागात २०१२ मध्ये खाणी बंद पडण्याआधी रस्त्याकडेची झाडे धुळीने लाल असायची. हे तुमच्या श्रोत्यांच्या आईवडिलांनी पाहिले आहे. त्यांना विचारा, पान हिरवे असते हेच माहीत नसलेला मुलगा कसा वाढेल? तिथून ते तुमचे झाले.

मग विन. रस्त्यावरची चोर पोरगी. तिच्याकडे ‘नशीब’ आहे, म्हणजे समोरच्याचा संशय ती थोडा शांत करू शकते. हे कुठून येते ते तिलाही ठाऊक नाही. या जगात धातू गिळून पोटात ‘जाळला’ की शक्ती मिळते; खरे तर ती नकळत पितळ जाळत असते. लेखकाने स्वतःच जादू अशी दाखवली आहे: आधी परिणाम, नाव नंतर. केल्सियर तिला धातूंच्या कुप्या देतो, एकेक धातू जाळायला लावतो, आणि विन शिकते तेव्हाच वाचक शिकतो. लेखकाने केले तेच करा. तक्ता शेवटच्या दहा मिनिटांत काढा, तोवर ते स्वतः मागतील.

फोंडेकर_भाई
हेच मी म्हटले. गोष्ट आधी.

खाणपट्टा
नाही भाई, तुम्ही नियमच नकोत म्हणालात. सँडरसनने २००७ मध्ये स्वतःचा नियम लिहिला: जादूने संकट सोडवायचे असेल, तर वाचकाला ती जादू जितकी कळलेली असेल तितकेच ते समाधानकारक वाटते. गँडाल्फची जादू गूढ राहिली तरी चालते, कारण अंगठी त्याच्या मंत्राने नष्ट होत नाही. इथे विन प्रत्येक लढाई त्याच आठ-दहा धातूंनी लढते. नियम कळले नाहीत तर ती कशी जिंकली तेच कळणार नाही.

भौतिकीसर_पेडणे
एक करून बघा. चाकांच्या खुर्चीवर मुलाला बसवून भिंत ढकलायला सांगा. भिंत हलत नाही, मुलगा मागे जातो. आता रिकामा डबा ढकलायला सांगा. डबा जातो. पोलाद जाळणारा माणूस धातूच्या वस्तूला ढकलतो तेव्हा हेच होते. नाणे हवेत असेल तर गोळीसारखे सुटते, जमिनीला टेकले की माणूस वर उडतो. इथे मुले हातावर हात देऊन बसत नाहीत, मी वर्गात पाहिले आहे.

जुवारी
त्यापेक्षा लोहचुंबक सोपा नाही का? एक मोठा चुंबक, चार खिळे.

भौतिकीसर_पेडणे
चुंबक नको. चुंबक तांब्याला ओढत नाही, पण कादंबरीत तांब्याची नाणीसुद्धा ढकलली जातात. शिवाय तिथे बाजूला वळवता येत नाही, स्वतःच्या शरीराकडे किंवा शरीरापासून दूर, सरळ रेषेत एवढेच. चुंबक दाखवलात की मुले चुकीचा नियम घेऊन घरी जातील आणि तो काढणे कठीण.

तक्ता लावायचा तर जोड्यांचा लावा. लोखंड आणि पोलाद, कथील आणि प्यूटर (कथलाचा मिश्रधातू), जस्त आणि पितळ, तांबे आणि कांसे. प्रत्येक जोडीत मूळ धातू ओढतो, मिश्रधातू ढकलतो. लोखंड वस्तू ओढते, पोलाद ढकलते. जस्त भावना भडकवते, पितळ शमवते. तांबे जादू लपवते, कांसे ती शोधते. कथील इंद्रिये तीक्ष्ण करते, प्यूटर शरीराला बळ देते. आठ शक्ती पाठ करण्यापेक्षा चार जोड्या लक्षात राहतात. समई, तांब्या आणि भजनी मंडळाचे कांसाळे टेबलावर ठेवा. कांसे जाळणाऱ्याला दुसऱ्याची जादू दूरच्या ढोलासारखी जाणवते, म्हणून कांसाळे वाजवून दाखवता येईल.

माटोळी
मी दोन मुलांची आई. धातू गिळतात असे सांगणार का तुम्ही? लहान मुले असतील तर मला हे अजिबात पटत नाही.

खाणपट्टा
ताई, काळजी रास्त आहे. कादंबरीतच धोका सांगितला आहे: चुकीचा किंवा अशुद्ध धातू जाळला तर माणूस आजारी पडतो, आणि झोपण्यापूर्वी पोटातला उरलेला धातू जाळून टाकावा लागतो, कारण तो विषारी असतो. हे पहिल्याच मिनिटाला ठासून सांगावे.

चक्रधर
सँडरसनचा विषय निघालाच आहे तर ‘व्हील ऑफ टाइम’ विसरू नका. १९९० पासून चौदा खंड. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले, शेवटचे तीन खंड सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून पुरे केले, अखेरचा २०१३ मध्ये आला. तिथे पुरुषांची जादू वेगळी, स्त्रियांची वेगळी. दोन्ही मालिका शेजारी ठेवून बोललात तर कार्यक्रम भारी होईल.

जुवारी
चौदा खंड आणि एक रविवार? धागाकर्तीला जगू द्या.

मयेतळे
सगळ्यांना देव बरे करो. आता राहिलेली माहिती: अकरावी-बारावीची मुले, चार-पाच निवृत्त शिक्षक, एक तास, प्रोजेक्टर नाही. माटोळीताई, लहान मुले नसतील, तरी विषाचे सुरुवातीलाच सांगते. मी सगळे मराठीत सांगणार, मुले मग इंग्रजीतून वाचतील. शिक्षकांपैकी दोघांना इंग्रजी कादंबरीची सवय नाही, त्यांच्यासाठी पहिल्या पुस्तकातले तीन प्रसंग तोंडी सांगते.

राखेने सुरुवात, मग विनचे ‘नशीब’, मग खुर्ची, मग जोड्यांचा तक्ता. सम्राटाला हरवू शकेल म्हणतात त्या गूढ अकराव्या धातूबद्दल केल्सियर जे बोलतो ते सांगायचे की नाही?

खाणपट्टा
तो आहे एवढेच सांगा. त्याचे पुढे काय होते ते नको, पहिल्या पुस्तकाचा सगळा ताण त्यावर आहे. नावांची भीती वाटेल त्यांना सांगा, पुस्तकाच्या शेवटी धातूंची यादी दिलेली आहे.

मयेतळे
हो, तेवढेच. चाकांची खुर्ची डिचोली बाजारात कोणाकडे मिळेल? वाचनालयात फक्त लाकडी बाक आहेत.

भौतिकीसर_पेडणे
खुर्ची नसेल तर स्केटबोर्ड चालेल. कोणा मुलाकडे असेलच. पायात बूट घालायला सांगा आणि मागे कोणीतरी उभे राहा.

वाचनवेडी_म्हापसा
प्यूटरची एखादी वस्तूही टेबलावर ठेवा ना, मुलांनी पाहिलेली नसेल.

माटोळी
कादंबरीतल्या प्यूटरमध्ये शिसे असते, जुन्या भांड्यांतही असू शकते. मुलांच्या हातात देऊ नका. समई आणि तांब्या पुरेत.