जीपीएस यंत्र घेताना मॉडेलचे नाव नीट वाचावे

फोनवर नकाशे उतरवून घेतले की वेगळ्या जीपीएस यंत्राची गरज उरत नाही, असे मत मांडले जाते आणि कोरड्या दिवसांपुरते ते मला मान्य आहे. मात्र ऐन पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला कच्च्या वाटेवर मोटारसायकल घातली, की फोनच्या पडद्यावर पडणारे थेंबही स्पर्श म्हणून नोंदले जातात, नकाशा आपोआप सरकू लागतो आणि ओल्या हातमोज्यांनी तो पुन्हा जागेवर आणता येत नाही. शिवाय मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. म्हणून बटणांचे यंत्रच मला भरवशाचे वाटते. गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स २२एक्स साध्या दोन डबल-ए सेलवर चालते आणि ते सेल वाटेवरच्या गावातही मिळू शकतात.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकरवी यंत्र मागवण्याचा सल्लाही दिला जातो. तसे करायचे असल्यास मॉडेलचे नाव अक्षरन् अक्षर तपासावे. गार्मिनचेच जीपीएसमॅप ६७ केवळ उपग्रहांचे संकेत ग्रहण करते. ६७आय मध्ये मात्र इरिडियम उपग्रहांमार्फत संदेश पाठवणारी इनरीच ही सोय असते, आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असे यंत्र भारतात बाळगणे बेकायदा आहे. गार्मिनच्या मोंटाना ७०० आणि ७००आय यांतही हाच फरक आहे. अशा यंत्रांमुळे प्रवाशांना विमानतळावरच ताब्यात घेतल्याचे प्रकार घडले आहेत, तेव्हा आणणाऱ्याला याची पूर्वकल्पना अवश्य द्यावी.