दारू सोडायच्या मीटिंगा : तुमची कुठली जमली?

दारू बंद होऊन मला सहा वर्षं झाली. परवा ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "काका, एएला जाऊन आलो, आपलं काही जमणार नाही." किती वेळा गेलास? एकदा! म्हणून हा धागा. एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, पिणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारानं दारू सोडायचा गट) असो, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पाठपुरावा असो, पिणाऱ्याच्या घरच्यांची अल-अनॉन असो. कुठून पळालात, कुठे टिकलात ते लिहा. माणसांची नावं आणि नेमकी जागा नको.

माझ्यापासून सुरुवात. ठाण्यात शाळेचा वर्ग, दुसरी-तिसरीच्या पोरांचे बाक. गुडघे वर, पोट फळीला. समोरचा माणूस बायकोच्या बांगड्या कशा विकल्या ते सांगत होता आणि मी मनात म्हणत होतो, आपण कुठे विकल्यात? म्हणजे आपण तेवढे नाही. त्या 'तेवढे नाही'वर आणखी दोन वर्षं प्यायलो. पुढे एके ठिकाणी सगळे वीस-वीस वर्षं सोबर, शेअरिंग ऐकताना सत्कार समारंभाला आल्यासारखं वाटे. तिसरी बरी होती, पण साडेआठची. माझी तलफ सातची. दीड तास कुठे काढणार? काढायचो तिथेच काढायचो. चौथी सातला सुरू व्हायची, स्टेशनवरून घरी जाताना वाइन शॉपच्या अलीकडे. बाकी काही साक्षात्कार नाही, वेळ आणि वाट जमली.

पुण्याहून, वय ४१
दारात चहा देणारे काका अगदी प्रेमानं म्हणाले, "ताई, अल-अनॉन शेजारच्या खोलीत." म्हटलं, काका, पिणारी मीच आहे. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. वाईट कोणीच वागलं नाही, पण तीस पुरुषांत मी एकटी. पोराच्या शाळेच्या गॅदरिंगला पिऊन गेले होते, ते तिथे तोंडातून निघेना. शेवटी फक्त बायकांची ऑनलाइन मीटिंग मिळाली. पहिले तीन आठवडे कॅमेरा बंद. चौथ्या आठवड्यात गॅदरिंगचं सांगितलं, तर पलीकडून एक बाई म्हणाली, "मी तर स्टेजवर गेले होते." किती दिवसांनी हसले असेन!

गोव्याहून
आमची मीटिंग चर्चच्या हॉलमधे. घरात वारकरी परंपरा, आई म्हणाली, "बाटायला चाललायस काय रे?" तिला ओपन मीटिंगला घेऊनच गेलो. ओपनला कोणीही बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी. एए कुठल्याच धर्माची नाही, जागा मिळेल तिथे भरते आणि खर्च सभासदांच्या वर्गणीतून चालतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. पिशवी फिरली तेव्हा तिनंच दहा रुपये काढले. घ्यायचे नसतात बाहेरच्यांचे, पिशवी पुढे सरकवली तर रुसली.

नाशिकहून
मला देवाचं वावडं. एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांत देव येतो, शेवटी प्रार्थना होते. 'आपल्याला जसा उमगेल तसा देव' म्हणतात, पण मला कुठलाच उमगत नाही. एका ग्रुपमधे यावरून वाद घातला, सोडून आलो, महिन्यात घसरलो. दुसऱ्या ग्रुपमधल्या सिनियरनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी कप विसळत जा." तीन वर्षं विसळतोय.

कोल्हापूरहून
रोज पिणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. मीटिंगच्या जोशात मी एका रात्रीत सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, मग भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मग फिट. आधी डॉक्टर गाठा. मीटिंग कुठं पळून जात नाही.

सातारहून, एक बायको
मी बाटलीवर पेनानं रेघ मारून ठेवायचे. हे पाणी घालून बरोबर रेघेपर्यंत आणायचे. अल-अनॉनमधे हे सांगितलं तर चौघींनी माना डोलावल्या, एकीनं विचारलं, "स्केचपेन की बॉलपेन?" माझी नणंद पुण्यात मुक्तांगणच्या 'सहचरी'ला, म्हणजे पिणाऱ्यांच्या बायकांच्या गटाला जायची, तिनंच ढकललं मला. यांची अजून सुटलेली नाही. रेघा मारणं मात्र मी बंद केलंय.

न्यू जर्सीहून
इथे इंग्रजी मीटिंगा गल्लोगल्ली. जायचो, नीटनेटकं बोलायचो, 'थँक यू फॉर शेअरिंग' ऐकायचो. पण आईच्या दहाव्याला कारमधे बसून प्यायलो, तर दहावा म्हणजे काय इथून सांगायचं? मराठी मीटिंग ऑनलाइन सापडली. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेदहा, थंडीत घड्याळ बदललं की साडेनऊ. त्या गोंधळात दोनदा चुकवलीये.

परभणीकडून
सगळ्यांचं वाचलं. तालुक्याचं गाव आहे, जवळपास मीटिंगच नाही. ऑनलाइन बसतो, पण घर दोन खोल्यांचं, पोरं ऐकतात. गच्चीवर गेलो तर शेजारी. काय करावं?

धागाकर्ता
दादा, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला एए सुरू झालं तेव्हा दोघंच होते. आणखी एक गडी मिळेपर्यंत रात्री नऊला मी फोन करतो. तुम्ही चालायला बाहेर पडा, कानात वायर घाला. शेजाऱ्यांना सांगा, शुगर निघालीये.

परभणीकडून
शुगर खरंच आहे. नऊला नको, साडेआठला करा. दुकान नऊपर्यंत उघडं असतं.