अनुभव सांगा: भल्या कामाचे पैसे कुणाच्या हातात पडतात?

गेल्या महिन्यात एका 'पर्यावरणपूरक' वस्तूंच्या प्रदर्शनात कापडी पिशवी घेतली. शिवण सुबक होती, म्हणून विचारलं, "ही शिवली कुणी? तिला पिशवीमागे किती मिळतात?" टेबलामागच्या मुलाला ठाऊक नव्हतं. तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. स्थानिक उद्योग, बचत गट, सहकारी संस्था, गावाचा उपक्रम, काहीही चालेल. फक्त स्वतः जवळून पाहिलेलं लिहा. राबतं कोण आणि पैसे कुणाच्या हाती जातात, तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून.

कोथरूड, पुणे

आमच्याकडे रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. म्हणजे मावशी कुणाच्या नोकर नाहीत, संस्थेच्या मालकांपैकी एक आहेत. घरटी दरमहा शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे, ही त्यांची कमाई.

इतकी वर्षं दारात कचरा ठेवूनही मला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं ते सोसायटीच्या सभेमुळे. भंगार सोसायटीनेच विकावं आणि त्या पैशांत दिवाळीची रोषणाई करावी, असा ठराव आला आणि मीही त्याला हात वर केला. दुसऱ्या दिवशी मावशींनी जिन्यात बसून मला हिशेब समजावला. पुठ्ठ्याला भाव आहे, दुधाच्या पिशवीला आहे, काचेला थोडा. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला काही नाही. "भावाचा माल तुम्ही काढून घेतला, तर माझ्या वाट्याला खरकटं आणि डायपरच राहणार ना ताई?"

ठराव मागे घ्यायला तीन सभा लागल्या. चार घरांनी अजूनही माझ्याशी बोलणं टाकलंय. पण त्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सुरू झाली. सॅनिटरी पॅड आता कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळं ठेवतो. मावशींना आत काय आहे ते हाताने उघडून बघावं लागत नाही. दोन सेकंदांचं काम आहे. ज्यांच्याकडे होत नसेल त्यांनी आजपासून करा, ही विनंती.

वेळास, ता. मंडणगड

आमचं गाव लोकांना नाना फडणविसांचं म्हणून माहीत होतं, आता कासवांचं म्हणून माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. त्याआधी घरटं सापडलं की अंडी माणसं नेत, राहिलेली कोल्हीकुत्री उकरत. आता गावातली पोरं पहाटे किनारा चालतात. कासवीण वाळूत वर येऊन गेली की तिच्या परांच्या खुणा उमटतात, त्यावरून घरटं शोधतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. ती उचलून कुंपणाच्या आत तितकाच खोल खड्डा करून ठेवायची. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात, पिल्लं असली की पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. समुद्रापर्यंत ती आपली आपणच चालत जातात.

2006 पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे हॉटेलात नाही, आमच्या घरांतून उतरतात. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. जेवण सासूबाई आणि मी करतो, पैसे आमच्याच घरात येतात. ज्या काकांकडे पूर्वी अंड्यांचं कालवण व्हायचं, त्यांच्याकडेही आता पाहुणे असतात. उगाच कुणी कुणाला उपदेश केला नाही, अंड्यापेक्षा पिल्लू घराला जास्त देतं हे त्यांचं त्यांनाच दिसलं.

एक मात्र कळकळीने सांगते. टोपली उचलल्यावर खाली पिल्लू असेलच असं नाही. लांबून आलेली माणसं चिडतात, पैसे परत मागतात. घरी लहान मूल असेल तर निघण्याआधी त्यालाही हे समजावून आणा.

अकोले तालुका

देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं गाव, कोंभाळणे, आमच्यापासून लांब नाही. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळा तालुका आनंदला. त्यांची बीज बँक पाहून आल्यावर आमच्या वाडीतल्या अकरा जणींनी गट केला. काळभात आणि रायभोग हे जुने भात, घेवड्याचे चार प्रकार, कडू वाल, यांचं बी राखतो. नियम एकच ठेवला, शेर नेला तर हंगामानंतर दोन शेर परत. पैशाचा व्यवहार नाही.

बी राखायचं कसं, हे आमच्या आजेसासूलाच ठाऊक होतं. चांगलं ऊन द्यायचं, राख चोळायची, कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात भरायचं आणि तोंड शेणामातीने लिंपायचं. पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. घेवडा नीट वाळला नव्हता, गाडगी फोडली तर सगळ्याला भुंगा लागलेला. दोन जाती त्या वर्षी गेल्याच असत्या. एकीने माहेरी मूठभर बी दिलेलं होतं, ते परत आलं म्हणून राहिल्या. तेव्हापासून कुठलंही बी एका घरात ठेवत नाही.

उत्पन्न म्हणाल तर संकरित भातापेक्षा काळभात कमीच देतो. पण बियाण्याच्या दुकानाची उधारी राहिली नाही, हा फरक मोठा आहे.

मूळ गिरगाव, आता डोंबिवली

वरचं सगळं वाचून आई आठवली. ती लिज्जतची बहीण होती. तिथे सभासदांना बहीणच म्हणतात. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, हे ती आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. पहाटे जाऊन मळलेलं पीठ वजन करून आणायचं, घरी लाटायचं, पालथ्या टोपलीवर वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन नवं पीठ घ्यायचं. लाटण्याची मजुरी, तिला 'वणई' म्हणत. माझी कॉलेजची फी वणईतून गेली. पावसाळ्यात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंखा फक्त पापडांसाठी लागायचा.

उट्रेख्त, नेदरलँड्स

थोडक्यात लिहितो. इथे शेजारच्या सभागृहात महिन्यातून एकदा रिपेअर कॅफे असतो. मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी 2009 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरवला. बिघडलेला टोस्टर, उसवलेलं जॅकेट न्यायचं आणि निवृत्त मंडळींच्या शेजारी बसून दुरुस्त करायला शिकायचं. इथे पैसे कुणालाच मिळत नाहीत, ऐच्छिक देणगीची बरणी तेवढी असते. मी मिक्सर नेला होता. दुरुस्त करणाऱ्या आजोबांना मी सांगितलं की माझ्या गावी, सांगलीत, हे काम करणाऱ्याचं दुकान असतं आणि त्यावर त्याचं घर चालतं. त्यांना त्याचा हेवा वाटला.

माण तालुका, सातारा

धागा काढणाऱ्या ताईंना उत्तर देते, कारण मी अशाच पिशव्या शिवते.

मशीन कर्जावर घेतलं, म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेतून. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये सुरू झालेली ही बायकांची बँक. परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण पुढे आलेल्या बायका निरक्षर होत्या. मग त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा कुठलाही हिशेब विचारा, आम्ही तोंडी करतो.

आता पिशवीचं. कापड कापून दिलं तर मला एका पिशवीमागे 7 रुपये मिळतात. दिवसाला 40 होतात, लाइट गेली नाही तर. तीच पिशवी प्रदर्शनात 120 ला पाहिली आहे. आमचा गट स्वतः विकतो तेव्हा 60 ला देतो आणि त्यातले 22 शिवणारीच्या हातात राहतात. मोठी ऑर्डर हवीशी वाटते, पण एका कंपनीने 500 पिशव्या नेऊन पैसे पाच महिन्यांनी दिले. तोवर आठ जणींनी हप्ता घरातून भरला. आता निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही.

ताई, तुमच्या पिशवीच्या बंदाला आतून फुलीची दुहेरी शिवण आहे का, बघून सांगा. तशी आमच्याकडे घालतात.