हवाईयन रोलर कोस्टर राइड: अस्सल आनंद की टुरिझमची जाहिरात?

खारावारा: डिस्नीच्या लिलो अँड स्टिच (२००२) या कार्टून सिनेमातलं हे सर्फिंगचं गाणं परवा परत ऐकलं, पाय थांबेनात. पण हल्ली आवडतं म्हटलं की कुणीतरी "डिस्नीने हवाई विकलं" सुरू करतंच. अरे, मार्क केआलीई होओमालू स्वतः कुमू हुला, म्हणजे हुला हा हवाईचा पारंपरिक नाच शिकवणारा गुरू, त्याने सिनेमाचा संगीतकार अ‍ॅलन सिल्वेस्ट्रीबरोबर केलंय ते, आणि कोरसला कामेहामेहा स्कूल्सची पोरं, जी शाळा राजकन्या पौआहीच्या मृत्युपत्रामुळे १८८७ ला सुरू झाली. अजून काय पाहिजे?

मिठाचा_खडा: गाणारे तिथले म्हणून गाणं तिथलं होत नाही हो. त्यातलं इंग्रजी ऐका, हॉटेलच्या ब्रोशरमध्ये जसंच्या तसं खपेल. जिथे राजेराण्या लाटांवर जायच्या तिथल्या लाटेला उपमा कशाची, तर अम्युझमेंट पार्कची! आणि त्याच सिनेमातलं दुसरं गाणं, 'हे मेले नो लिलो', राजा कालाकाउआ आणि राणी लिलिउओकलानी यांची स्तुतिगीतं जोडून त्यावर कार्टूनमधल्या पोरीचं नाव. महाराजांच्या पोवाड्यात छोटा भीम घातला तर चालेल का आपल्याला? या राणीला १८९३ मध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी, अमेरिकन सैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, गादीवरून काढलं होतं.

खारावारा: तो राग त्या गाण्यावर काढा की, धागा याचा आहे.

पुळण: खडेराव, मजा आली की उथळ, हे कुठून आलं? नाइहे नावाच्या सरदाराच्या सर्फिंगवर जुनं मेले, म्हणजे हवाईयन गीत, आहे, पुढे तेच कालाकाउआला बहाल केलं, चांगलं दणदणीत लाटांचं कौतुक आहे त्यात. नाकं मुरडली ती १८२० नंतर आलेल्या मिशनऱ्यांनी, हुलासकट सगळ्यावर. दरबारात हुला परत आणला तो याच कालाकाउआने. आणि सिनेमात गाणं कधी येतं बघा ना, लिलोची मोठी बहीण नानी, तिची टुरिस्टांच्या लुआउमधली, म्हणजे हवाईयन मेजवानीतली, नोकरी गेलेली, दिवसभर वणवण करून काम नाही, धाकटी लिलो तिच्या ताब्यातून जायची वेळ आणि तेव्हा तिचा मित्र डेव्हिड म्हणतो चला लाटांवर. ब्रोशरमध्ये असलं कोण छापतं?

उकु_लेले: वादात पडत नाही, कॉर्ड्स कुणाकडे आहेत का

मिठाचा_खडा: प्रसंग चांगलाय, मान्य. पण मग मजा हवाईयनमध्ये करा ना पूर्ण! १८९६ च्या कायद्याने शाळांतून ती भाषा घालवली, १९७८ ला कुठे राज्यभाषा झाली, आणि इथे ती काय, वरून भुरभुरलेली कोथिंबीर.

पुळण: सुरुवातच तिच्यात आहे, आणि जगभरची पोरं तेवढंच मोठ्याने म्हणतात. आणि बाहेरच्यांना दाखवलं की विकलं असं असेल तर ड्यूक कहानामोकूचं काय? हवाईचा सर्फर, पोहण्यात १९१२ चा ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, ऑस्ट्रेलियापर्यंत बोर्ड घेऊन गेला. तोही जाहिरात का?

मिठाचा_खडा: ड्यूक नाही. पण हवाईतल्या वायकीकीच्या किनाऱ्यावर त्याचा पुतळा समुद्राकडे पाठ करून उभा केलाय, लोकांनी तेव्हाच विचारलं होतं की सर्फर कधी समुद्राकडे पाठ करतो का. टुरिस्टांच्या फोटोत मात्र मागे समुद्र झकास येतो.