गुणक १६ च का?

"वकिलाला टक्केवारी काढता आली की झालं, संख्यात्मक पद्धतींचा अख्खा पेपर कशाला?" हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. नवी मुंबईत एलएलबी करताना मी हा ऐच्छिक विषय घेतला होता. त्याची खरी किंमत ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कळली. ३४ वर्षांचा रिक्षावाला अपघातात गेला. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. भरपाईच्या हिशेबात कमाई महिना २०,००० धरली, म्हणजे वर्षाला २,४०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून ३,३६,०००. चौघं अवलंबून, म्हणून स्वखर्चाचा पाव हिस्सा वजा, उरले २,५२,०००. गुणिले त्याच्या वयाला लागू असलेला गुणक १६, झाले ४०,३२,०००. बाकीच्या किरकोळ रकमा वेगळ्या.

इथवर कॅल्क्युलेटर पुरतो, मान्य. पण त्याच्या बायकोने, त्या बाईंनी, मला विचारलं, "हे साठीपर्यंत रिक्षा चालवणार होते. २६ वर्षं होतात. मग तुम्ही सोळाच का धरता?" सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातला (२००९) वयानुसार गुणकांचा तक्ता पुढे करून त्यांचं समाधान होणार नव्हतं. वर्गात आजचं मूल्य काढायला शिकले होते, म्हणून सांगता आलं: रक्कम आज एकदम हातात येते आणि तिच्यावर व्याज मिळत राहतं. ४ टक्के दराने २६ वर्षांचे हप्ते आजच्या किमतीत आणले तर एका वर्षाच्या रकमेच्या १५.९८ पट येतात. तक्ता नेमका याच हिशेबाने बसवला असं माझं म्हणणं नाही, पण तर्क हाच. मी ते कागदावर मांडून दाखवलं. बाईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.